त्या वर्गात कोण गेले?

रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर आपण चर्चच्या आवारात घोळक्याने उभे असतो. पावसाची, भाजीच्या भावाची, ठरलेल्या लग्नांची बोलणी होतात आणि मग आवाज थोडा खाली येतो. ‘अमक्याला काल शाळेच्या त्या वर्गात जाताना पाहिले. तिथे दारू सोडणाऱ्यांची मिटिंग भरते ना?’ सांगणाऱ्याच्या मनात वैर नसते. ऐकणाराही ‘बरे झाले, सुधारेल बिचारा’ असेच म्हणतो. मंगळवारपर्यंत गोष्ट गावभर होते. पुढच्या आठवड्यात तो मनुष्य त्या वर्गाकडे फिरकत नाही.

यात आपले काय चुकले? आपण खोटे तर बोललो नाही! पण ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात आठव्या आज्ञेचे विवरण करताना दोन अपराध वेगवेगळे सांगितले आहेत. खोटा आळ घेणे हा एक, आणि योग्य कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष माहीत नसलेल्यांना सांगणे हा दुसरा. गोष्ट खरी असली म्हणजे ती सांगण्याचा अधिकार आपल्याला मिळतोच असे नाही.

यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल, ‘अहो, तो पितो हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. हळदीच्या रात्री त्याला उचलून घरी कोणी नेले? आपणच ना!’ खरे आहे. त्याचे पिणे कधीच गुप्त नव्हते. गुप्त होती ती पिणे सोडण्याची इच्छा. ती कोवळी असते. उद्या पाय घसरला तर लोक काय म्हणतील, या भीतीनेच तो ती लपवून ठेवतो, आणि आपण नेमकी तीच चव्हाट्यावर आणतो. प्यायलेल्या माणसाला आपण हसून सोडून देतो. सोडायला निघालेल्यावर मात्र आपली करडी नजर असते. गुत्त्यात जाताना ज्याला कोणाची लाज वाटली नाही, त्याला चर्चशेजारच्या वर्गात जाताना आपली लाज वाटावी, याचा विचार आपण करायला हवा.

‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेचा आरंभच एका शोधातून झाला. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा एक व्यापारी हॉटेलात एकटाच होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. धंद्यात अपयश आलेले, आणि बाजूच्या बारमधून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. त्याने चर्चच्या यादीतून धर्मसेवकांना फोन लावले. त्याला उपदेश नको होता. आपल्यासारखाच एखादा दारुडा त्याला बोलायला हवा होता. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. त्याच वर्षी १० जूनला डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला आणि तोच दिवस या संघटनेचा जन्मदिवस मानला जातो. भारतात तिचे काम १९५७ मध्ये सुरू झाले.

मग प्रायश्चित्त संस्कार कशाला आहे, असे काही भाविक विचारतात. संस्कारात पापक्षमा मिळते, आणि तिथले गुपित धर्मगुरू प्राण गेला तरी फोडत नाही. पण संध्याकाळी सात वाजता घसा कोरडा पडतो तेव्हा काय करायचे, हे त्या वाटेने गेलेलाच सांगू शकतो. दोन्ही ठिकाणी मनुष्य आपले खरे रूप बोलून दाखवतो, आणि बोललेले तिथेच राहते. समूहात फक्त पहिले नाव सांगतात. फी नाही, नोंदवही नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच. पहिल्या दिवशी नुसते ऐकत बसले तरी कोणी टोकत नाही.

समूह शोधणे कठीण नाही. संघटनेच्या मदतवाहिनीवर जवळचे ठिकाण, वार आणि वेळ कळते. व्यसनमुक्ती केंद्रांतही माहिती मिळते. आपल्या गावात ओळखी फार असतील तर दोन स्टेशने पलीकडच्या समूहात जावे. पुष्कळजण तसेच करतात आणि त्यात कमीपणा नाही. पत्नीसाठी व घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’चे समूह वेगळे असतात, आणि नवरा जायला तयार नसला तरी तिला तिथे जाता येते. मात्र एक काळजी घ्यावी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून आधी डॉक्टरांना भेटावे.

आपल्यापैकी कोणाला मदत करायचीच असेल तर त्याला पहिल्या दिवशी स्कूटरवर बसवून तिथवर न्यावे आणि बाहेर थांबावे. तासा-दीड तासाने तो येईल. आत काय बोलणे झाले ते विचारू नये. चहा घ्यायचा का, एवढे विचारावे.