गाळ दरवर्षी येतो

ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून होडीने फिरणाऱ्याला अरुंद उंच घरं दिसतात, छपराखाली माल वर ओढायचे आकडे दिसतात, कमानी पूल डोक्यावरून सरकतात. पाण्याची पातळी कोण राखतं, ते मात्र होडीतून दिसत नाही. 1613 पासून खणलेलं कालव्यांचं ते कडं शोभेसाठी नव्हतं. दलदलीत वस्ती करायची तर पाण्याला वाट करून देणं भाग होतं. नेदरलँड्समध्ये आजही त्यासाठी स्वतंत्र पाणी-मंडळं आहेत. त्यांची वेगळी निवडणूक होते आणि त्यांचा कर घराघरांतून भरला जातो. व्हेनिसने भोवतालचं खाजण सांभाळायला 1501 मध्येच अधिकारी नेमले. आधी राखण झाली, पर्यटक पुष्कळ नंतर आले. आपल्याकडे हा क्रम उलटा धरण्याची घाई फार.

बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेडराजाच पाहा. 1598 साली इथे जन्मलेल्या जिजाऊ ॲमस्टरडॅमने कुदळ उचलली तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. या गावालाही पाण्याची जाण होती. मोती तलाव, चांदणी तलाव आणि शिल्पांनी नटलेली पुतळा बारव त्याची साक्ष देतात. 12 जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, इथे लाखोंची गर्दी होते. राजवाड्यापुढे माथा टेकणाऱ्यांतले किती जण तलावाच्या पाळीवर जातात? कुणी म्हणेल, तलावात होड्या सोडा, लोक आपोआप वळतील, चार घरांना रोजगारही मिळेल. रोजगाराचा मुद्दा खोटा नाही. पण होडीला पाणी लागतं, पाण्याला खोली लागते आणि खोली गाळ काढल्याशिवाय राहत नाही. तलाव वतनदारांचे, त्यांची जबाबदारी आपल्यावर कशी, असंही विचारता येईल. वतन गेलं, पाझर मात्र आजच्या विहिरींनाच लागतो.

उरतो पैशाचा आक्षेप. युरोपातली श्रीमंती आपल्याकडे कुठली? त्याचं उत्तर याच जिल्ह्याने देऊन ठेवलंय. महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाल्यांतली माती आणि मुरूम उचलायचा, म्हणजे रस्त्याला भराव मिळतो आणि तलावाला खोली. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून हे देशभर गाजलं. युक्ती नामी होती, पण ती रस्त्याच्या गरजेवर चालली. रस्ता एकदाच होतो, गाळ दरवर्षी येतो. मग दरवर्षीचा पैसा कुठून आणायचा? व्हेनिसने 2024 मध्ये ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. सिंदखेडराजाच्या मातृतीर्थाला येणाऱ्या भाविकाकडून तिकीट घेणं कुणाला रुचणार नाही, आणि रुचूही नये. त्याच्याकडे मागायचंच तर पाटीभर गाळ काढण्याचं श्रमदान मागावं. अडचण एवढीच, की गर्दी जानेवारीत होते आणि तलावाचा तळ उघडा पडतो मे महिन्यात.