पत्ता आणि पदार्थ

पत्ता हा वस्तूच्या स्वरूपाचा भाग असतो की बाहेरून चिकटलेली उपाधी, या प्रश्नाची मुळे भारतीय दर्शनांत खोलवर सापडतात. एकसारख्या दोन परमाणूंना वेगळे ठेवण्यासाठी वैशेषिकांनी ‘विशेष’ हा स्वतंत्र पदार्थ मानला, म्हणजे नित्य द्रव्याच्या ठायी वसणारी आणि दुसऱ्या कशावरही न अवलंबणारी वेगळेपणाची खूण. उलट अद्वैत वेदान्ताने घटाकाश आणि मठाकाश यांतील भेद घट व मठ यांच्यामुळे भासतो, आकाशात तो नाहीच, असे सांगून भेदाला उपाधीचे, म्हणजे बाह्य निमित्ताचे, फळ ठरवले. खोपोलीच्या शिळफाट्यावर फायबरची जोडणी घेणाऱ्या कुटुंबाला कोणता राउटर घ्यावा हे ठरवताना नकळत याच वादाला सामोरे जावे लागते.

१९८१ साली निश्चित झालेल्या आयपीव्ही-४ या इंटरनेटवरील पत्त्यांच्या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. तोवर ‘नॅट’ ही युक्ती रुळली होती: घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप बाहेरच्या जगात एकाच पत्त्याने वावरतात आणि कोणते उत्तर कोणाचे, याची नोंद राउटर आपल्या तक्त्यात ठेवतो. पुढे सेवा कंपन्यांनी हीच युक्ती आपल्या पातळीवरही वापरली, त्यामुळे अनेक घरे मिळून एका पत्त्यामागे नांदू लागली.

आयपीव्ही-६ या त्यानंतरच्या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा असून प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळू शकतो, म्हणून वैशेषिकांचा ‘विशेष’च हाती लागला असे वाटू लागते. परंतु घरगुती जाळ्यात या पत्त्याचे पहिले ६४ बिट जाळ्याचे स्थान सांगतात, त्यांचे मूळ वाटप सेवा कंपनी करते आणि ते बदलूही शकते. उरलेले ६४ बिट उपकरणाचे खरे, पण माग काढला जाऊ नये म्हणून आजचे फोन तेही अधूनमधून बदलतात. स्वतःचा पत्ता म्हणजे स्वतःची ओळख नव्हे.

पिनकोडची रचना याच जातीची आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवीही होते (त्यांच्या काव्याशी पिनचा संबंध जोडण्याचा मोह मात्र आवरलेला बरा). खोपोलीच्या ४१०२०३ मधला पहिला आकडा विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय सांगतात. माणूस बिऱ्हाड हलवून पनवेलला गेला की पिन मागेच राहतो.

नॅटमुळे घर सुरक्षित राहते, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. तक्त्यात नोंद नसलेली डेटाची पाकिटे राउटर आत सोडत नाही हे खरे, पण तो पत्त्यांच्या टंचाईवरील तोडग्याचा आनुषंगिक लाभ आहे. आयपीव्ही-६ मध्ये हेच काम फायरवॉलला, म्हणजे न बोलावलेली जोडणी दारातच अडवणाऱ्या व्यवस्थेला, उघडपणे करावे लागते. लपून राहणे आणि राखले जाणे या दोन अवस्थांची गल्लत तत्त्वज्ञानात जितकी महाग पडते, तितकीच इथेही.

त्यामुळे राउटर निवडताना तो कंपनीकडून आयपीव्ही-६ चा पत्त्यांचा गट मागून घेऊन घरात वाटू शकतो का, आयपीव्ही-६ साठीची फायरवॉल मुळातच चालू असते का आणि निर्माता सुरक्षेचे अपडेट देत राहतो का, हे आधी विचारावे. वेगाचे गणित त्यामानाने सोपे आहे, तरी फसगत तिथेच अधिक होते: खोक्यावर ठळक छापलेले ‘३०० एमबीपीएस’ वायफायचे असते, तार जोडायचे पोर्ट मात्र पुष्कळदा १०० चेच निघतात, आणि २०० एमबीपीएसचा प्लॅन घेणाऱ्याचा निम्मा वेग त्या पोर्टापाशीच अडतो. गिगाबिट पोर्ट आणि ५ गिगाहर्ट्झचे वायफाय असलेला राउटर घेतला की ही अडचण दूर होते. कंपनीने बसवलेल्या उपकरणातच हे सारे असेल, तर वेगळ्या राउटरचा खर्च अनाठायी आहे.