फ्रीजमधली मेथी

आज सकाळी सहाला दुधाच्या पिशव्या ठेवायला फ्रीज उघडला, तर आत जागाच नव्हती. आमचा फ्रीज एका दाराचा, 180 लिटरचा. एकेक डबा काढून ओट्यावर मांडत गेलो. कालची मटकीची उसळ, वाटीभर वरण, अर्धा चिरलेला कांदा, दोन चमचे खोबऱ्याची चटणी. आणि सगळ्यात खाली, ड्रॉवरच्या कोपऱ्यात, मेथीची जुडी. कागद ओला झालेला, पानं काळी पडून एकमेकांना चिकटलेली.

ती जुडी टाकताना मन खरंच खट्टू झालं. कुणीतरी वाफा केला, पाणी दिलं, पहाटे उपटून जुडी बांधली, आणि ती आमच्या घरी येऊन अंधारात सडली.

माझी आजी दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची आणि वर ओलं फडकं टाकायची. फडक्यातलं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं, एवढ्यावर तिचा उन्हाळा निभायचा. लोणी, दही शिंकाळ्यात. घरात काय उरलंय हे तिला रोज ठाऊक असे, कारण उरलेलं आज संपवलं नाही तर उद्या ते राहणारच नव्हतं. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा ठरलेला. फ्रीज आला आणि आपल्याला ‘उद्या बघू’ म्हणायची सोय झाली. छोटा फ्रीज भरतो तो याच ‘उद्या बघू’ने, असं मला वाटतं.

एका दाराच्या फ्रीजमध्ये गारवा वरून येतो. फ्रीझरजवळची थंड हवा जड होऊन खाली उतरते, म्हणून वरचा कप्पा सगळ्यात गार आणि भाजीचा ड्रॉवर त्या मानाने उबदार. डबे खेटून ठेवले की हवेची वाट अडते आणि खालचं अन्न लवकर आंबतं. दूध वरच्या कप्प्यात हवं. कित्येक घरांत ते दारात असतं, पण दार उघडलं की बाहेरची गरम हवा पहिल्यांदा तिथेच लागते. दारात पाण्याच्या बाटल्या, सॉस ठीक. आतलं तापमान 4 अंशांच्या आसपास राहिलं तर जंतूंची वाढ मंदावते; ते मरत मात्र नाहीत. म्हणून गरम पातेलं तसंच आत सरकवू नये, शेजारचं दूधही तापतं. पसरट भांड्यात काढून निववावं आणि दोन तासांच्या आत ठेवून द्यावं.

फ्रीझरवर अर्धा सेंटिमीटर बर्फ साचला की बटण दाबून तो वितळू द्यावा. बर्फाचा थर गारवा आतच अडवून धरतो आणि वीज मात्र जळत राहते.

काही गोष्टींना तर फ्रीज लागतच नाही. कांदे, बटाटे, लसूण टोपलीतच बरे. गारठ्यात बटाटा गोडसर होतो, केळ्याची साल काळी पडते. तूप बाहेर टिकतं. आपल्या कैरीच्या लोणच्याची काळजी मीठ आणि तेल घेतं. एवढं बाहेर काढलं तरी आज अख्खा एक कप्पा मोकळा झाला.

पालेभाजी आणल्या दिवशीच निवडायची, न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळायची. पानांवर पाणी राहिलं की ती कुजतात. आमच्या मेथीचं तेच झालं. आणि उरलेल्याचा डबा नेहमी पुढे, डोळ्यांसमोर. शक्यतो चौकोनी आणि आरपार दिसणारा. गोल डब्यांमधल्या सांदीत जागा वाया जाते, स्टीलच्या डब्यात काय आहे ते झाकण उघडेपर्यंत कळत नाही.

उसळ आणि तो अर्धा कांदा आता थालीपिठाच्या भाजणीत गेलाय. वरणाची आमटी होईल. दूध वरच्या कप्प्यात बसलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली.

मंडईची पिशवी खांद्याला लावण्याआधी आज एकदा फ्रीजचा खालचा ड्रॉवर उघडून बघा.