वैरणीवरून वाढीचे अनुमान आणि मुक्या जीवाचा पहिला वाटा

जनावराने खाल्लेल्या वैरणीवरून त्याचे वजन किती वाढेल हे आधीच सांगता येते काय, आणि येत असल्यास ते ज्ञान कोणत्या प्रतीचे असते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ पशुसंवर्धनाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी कार्यकारणसंबंधाचा जुना दार्शनिक वाद आहे आणि त्याहीखाली एक धर्मप्रश्न आहे. मावळ तालुक्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या खोऱ्यांत भात हे मुख्य पीक असल्याने पावसाळा सरल्यावर भाताचा पेंढा हाच गुरांचा मोठा आधार असतो, आणि पेंढ्याने भरलेली गव्हाण पाहून जनावर पोसले जात आहे असा निष्कर्ष सहज काढला जातो.

न्यायसूत्रांनी अनुमानाचे तीन प्रकार सांगितले असून त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतात. वात्स्यायनाच्या भाष्यात दिलेल्या एका अर्थानुसार, कारणावरून कार्य ओळखणे हे ‘पूर्ववत्’ अनुमान होय, जसे दाटून आलेल्या मेघांवरून पाऊस. आणि कार्यावरून कारण ओळखणे हे ‘शेषवत्’ अनुमान होय, जसे नदीच्या पुरावरून वरच्या अंगाला झालेला पाऊस. लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावणारी इंद्रायणी आळंदीला दुथडी भरून वाहू लागली म्हणजे घाटमाथ्यावर पाऊस कोसळला असे तेथील लोक ओळखतात, ते शेषवत् अनुमानच होय. वैरणीवरून वजनवाढ सांगणे मात्र पूर्ववत् अनुमान आहे आणि ते अधिक जोखमीचे आहे, कारण मेघ आणि वृष्टी यांच्यामध्ये जसे अनेक प्रतिबंध येऊ शकतात, तसेच ते घास आणि मांस यांच्यामध्येही येतात.

हे प्रतिबंध कोणते, हे प्रत्यक्ष हिशेबातून स्पष्ट होते. आहारातील पाणी वजा करून जे उरते त्याला शुष्क पदार्थ म्हणतात; पावसाळ्यातील कोवळ्या हिरव्या गवतात सुमारे 80 टक्के पाणी असल्यामुळे 20 किलो गवताच्या भाऱ्यातून जनावराला जेमतेम 4 किलो शुष्क पदार्थ मिळतो. त्या शुष्क पदार्थातून शरीराला वापरता येणारा भाग ‘एकूण पचनीय पोषकद्रव्ये’ या मापाने मोजतात. सुमारे 250 किलो वजनाच्या कालवडीने साडेपाच किलो पेंढा खाल्ला, तर त्यात साधारण 5 किलो शुष्क पदार्थ असतो आणि त्यातील पचनीय भाग 40 टक्क्यांच्या आसपास धरल्यास तो 2 किलो भरतो. परंतु श्वास, रक्ताभिसरण, शरीराची ऊब आणि झीज भरून काढणे एवढ्यासाठीच अशा कालवडीला दररोज जवळजवळ 2 किलो पचनीय पोषकद्रव्ये लागतात. यालाच निर्वाहाचा आहार म्हणतात. म्हणजे पोट भरले तरी वाढीसाठी काहीच उरत नाही. त्यातच पेंढ्यातील प्रथिने तीन-चार टक्क्यांच्या घरात असल्यामुळे कोठीपोटातील सूक्ष्मजीवांची उपासमार होते, पचन मंदावते आणि जनावर खातेही कमी.

या हिशेबाचा तात्त्विक अर्थ नैयायिकांच्या ‘उपाधी’ या संकल्पनेने उलगडतो. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण धुरासाठी ओल्या सरपणाचा संयोग लागतो. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी, आणि ती दुर्लक्षिली तर अनुमान सदोष ठरते. वैरण आहे म्हणून वाढ होईल, या अनुमानाची उपाधी ‘निर्वाह भागून उरलेले’ ही आहे. सह्याद्रीच्या चढावर चरताना होणारी चाल, पावसाळ्यातील गारठा, पोटातील जंत आणि गाभणपण ही सारी कारणे तो उरलेला भाग आणखी घटवतात, म्हणून वैरणीचे मोजमाप कितीही अचूक असले तरी खाणाऱ्याची स्थिती न पाहता केलेले भाकीत विश्वासार्ह होत नाही.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादात याच विषयाला भिडणारा एक वाद आहे. गवत जसे आपोआप दुधात परिणत होते तसे अचेतन प्रधान, म्हणजे जगाचे मूळ जड तत्त्व, आपोआप जगाच्या रूपाने परिणत होते, असा सांख्यांचा पक्ष तेथे मांडला आहे, आणि गवत आपोआप दूध होत नाही, कारण टाकून दिलेल्या किंवा बैलाने खाल्लेल्या गवताचे दूध होत नाही, असे वेदान्त्यांच्या बाजूने त्याला उत्तर दिले आहे. कार्य कारणात आधीपासून असते या सांख्यमतात एवढे सत्य निश्चित आहे की जे वैरणीत नाही ते जनावराच्या अंगावर चढणार नाही. परंतु वेदान्त्यांचा आक्षेप हिशेब करणाऱ्याला अधिक मोलाची शिकवण देतो, ती ही की वाढ वैरणीची होत नसून जीवाची होते.

येथेच धर्मप्रश्न उपस्थित होतो. मावळातील पाले गावाजवळच्या लेण्यात अर्हंतांना नमन करून सुरू होणारा एक प्राचीन ब्राह्मी लेख आहे आणि तो जैन परंपरेशी जोडला जातो. त्या परंपरेतील तत्त्वार्थसूत्राने अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला उणेपणा आणणारी वर्तने, सांगताना बांधणे, मारणे, अवयव छेदणे आणि अतिभार लादणे यांच्याच पंक्तीत अन्नपाननिरोध, म्हणजे अन्नपाणी रोखणे, ठेवला आहे. भरलेली गव्हाण समोर असतानाही पोषण न मिळणे हा या निरोधाचाच एक प्रकार मानावा लागेल, कारण ज्याला मागता येत नाही त्याच्याबाबत पुरवठा करणाऱ्याचे अज्ञान हेच अडथळ्याचे काम करते.

माणसाच्या भुकेचे ज्ञान त्याच्या शब्दावरून होऊ शकते. जनावराबाबत ते प्रमाण उपलब्ध नसल्याने अनुमानाची पडताळणी प्रत्यक्षाने करणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते. छातीच्या घेराचा वर्ग करून त्याला खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि 10,840 ने भागावे, म्हणजे सेंटिमीटरांतील मापांवरून किलोतील वजन अंदाजे मिळते. घेर 150 आणि लांबी 120 असल्यास ते 249 किलो येते. हे माप दरमहा सकाळी, चारापाण्याआधी घेतले आणि ते अपेक्षेपेक्षा कमी भरले, तर दोष जनावराच्या जातीला न देता आधी वैरणीत शोधावा, पेंढ्याला पेंडीची किंवा द्विदल हिरव्या चाऱ्याची जोड द्यावी. ज्या जीवाच्या वाढीतून लाभ घ्यायचा त्याचा निर्वाह हा खर्च नसून त्याचा हक्काचा पहिला वाटा आहे. तो पूर्ण दिल्यानंतर जे उरते त्यावरच माणसाचा अधिकार सुरू होतो, आणि शास्त्रीय हिशेब व धर्मविचार या दोहोंचा क्रम या एका ठिकाणी तंतोतंत जुळतो.