छाती कोंडते तेव्हा

सर्व स्तुती अल्लाहसाठी, आणि सलाम असो त्याच्या अंतिम प्रेषितांवर.



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारची नमाज आटोपल्यावर एक गृहस्थ वजूखान्याजवळ माझी वाट पाहत उभे होते. शिवणकामावर संसार चालवणारे, मोहल्ल्यात शांत म्हणून ओळखले जाणारे. खाली मान घालून म्हणाले, "मौलाना, काल मुलावर हात उचलला. त्याच्या हातून नुसता पेला पडला होता. पण त्या आवाजानेच डोके फुटेल असे झाले. हल्ली हे रोजचेच आहे. रात्रभर झोप नाही आणि सकाळी मशीनपुढे बसवत नाही." मी त्यांना क्रोधाविषयीची हदीस ऐकवली, 'इस्तिगफार वाढवा' असे सांगितले आणि घरी निघून गेलो. हदीस खरीच होती; अपुरे होते ते माझे ऐकणे. झोप नाही, कामाला बसवत नाही, हे शब्द माझ्या कानांवरून गेले, मनात उतरले नाहीत.

चार महिन्यांनी त्यांचे धाकटे बंधू आले. भाऊ अंथरुणातून उठेनासे झाले होते आणि डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले होते. ते घरी एकच वाक्य बोलत, "मौलानांनाही सांगून पाहिले; माझेच ईमान कच्चे आहे." हे ऐकून मी लज्जित झालो. त्या लज्जेतूनच हा लेख लिहीत आहे.

नैराश्य म्हणजे केवळ रडणे आणि गप्प बसणे, असा आपला समज असतो. पुष्कळदा हा आजार चिडचिडीचे रूप घेऊन येतो. थकलेल्या मनाला लहानसा आवाज, साधा प्रश्न, मुलांचे हसणेदेखील सोसवत नाही. घरच्यांना दिसतो तो राग. रागामागची वेदना दिसत नाही. मग माणूस दुहेरी शिक्षा भोगतो : आधी आजाराची आणि नंतर 'मी वाईट आहे' या समजुतीची.

या प्रसंगी पवित्र कुरआनातील दोन भावांची कथा मला वाट दाखवते. हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्यांनी आपली अडचण अल्लाहपुढे लपवली नाही. आपली छाती कोंडते, जीभ मोकळी चालत नाही, असे त्यांनी सांगितले आणि साथीला आपला भाऊ हारून (अ.) मागितला. सूरह शुअरा आणि सूरह ताहा यांत हा प्रसंग आला आहे. विचार करा, ज्यांच्याशी अल्लाह बोलला, त्यांनीही आधार मागितला! अल्लाहने त्यांना दोष दिला नाही. मागणे मान्य केले. आधार मागणे हे तवक्कुलच्या विरुद्ध असते, तर ही मागणी मान्य झाली नसती.

पुढे सूरह आराफमध्ये याच दोन भावांचा दुसरा प्रसंग येतो. लोक वासराच्या पूजेला लागलेले पाहून मूसा (अ.) संतप्त झाले आणि त्यांनी हारून (अ.) यांनाच डोक्याला धरून ओढले. त्यांचा राग अल्लाहसाठी होता, आजाराचा नव्हता. त्याची बरोबरी आपल्या चिडचिडीशी करता येणार नाही. तरीही त्यात आपल्यासाठी बोध आहे. हारून (अ.) यांनी रागाला राग दिला नाही. एकाच आईच्या नात्याने त्यांनी भावाला साद घातली. मात्र ते मूकही राहिले नाहीत. आपल्यावर काय गुदरले तेही सांगितले. आणि मूसा (अ.) यांनी लगेच स्वतःसाठी व भावासाठी, दोघांसाठी मिळून, क्षमा मागितली.

आजारी व्यक्तीने यातून काय घ्यावे? आपली छाती कोंडते हे वेळेवर, विश्वासू माणसाला, स्पष्ट शब्दांत सांगावे. "आज माझे मन ठीक नाही, थोडा वेळ मला एकटे बसू द्या," एवढे वाक्य पुष्कळ भांडणे टाळते. राग उसळला तर प्रेषितांच्या (स.) शिकवणीप्रमाणे उभे असल्यास बसावे, बसलेले असल्यास आडवे व्हावे, वजू करावा. उभे राहून नमाज होत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून करण्याची मुभा खुद्द प्रेषितांनी (स.) आजाऱ्याला दिली आहे. आणि मन निवळल्यावर, ज्याला दुखावले त्याची माफी मागावी, मग तो आपला पाच वर्षांचा मुलगा का असेना. आजार हे रागाचे कारण असू शकते. दुखावलेल्याचा हक्क त्यामुळे बुडत नाही.

घरच्यांनी हारून (अ.) यांची रीत घ्यावी : नाते आठवावे, हिशेब नव्हे. "नमाज वाढव, सगळे ठीक होईल," असे म्हणून आजाऱ्याच्या ईमानाचे मोजमाप करू नये. परंतु मारहाण निमूट सोसणे म्हणजे सबर नव्हे. पत्नी आणि मुले यांची सुरक्षितता आधी पाहावी. त्यासाठी वडीलधाऱ्यांना मध्ये घ्यावे.

आणि उपचार? अल्लाहने असा कोणताही आजार उतरवला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, हे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. मनाचे आजार यातून वगळलेले नाहीत. इ.स. 934 मध्ये निधन पावलेले विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले आणि त्यात क्रोध, भय व दुःख यांना वेगवेगळी प्रकरणे दिली. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे ही परक्यांची रीत नव्हे. दिलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. रमजान जवळ आला की रोजांविषयी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण आजाऱ्याला कुरआनाने सवलत दिली आहे. शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य चालते. तेथे मराठीतही बोलता येते. कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

ते गृहस्थ आता पुन्हा मशीनपुढे बसतात. अजून काही दिवस वाईट जातात. त्या दिवशी त्यांचे बंधू दुकानात त्यांच्या शेजारी नुसते बसून असतात, काही बोलत नाहीत. मीही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते हसून म्हणाले, "मौलाना, चहा घ्या." मुलगा पेला घेऊन आला, माझी नजर त्या पेल्यावरच खिळली होती. वडिलांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

हे अल्लाह, ज्यांची छाती कोंडली आहे त्यांना मोकळा श्वास दे. त्यांना एक हारून दे, आणि आम्हा प्रत्येकाला कोणाचा तरी हारून होण्याची सद्बुद्धी दे. आमीन.