केळीचं वाक्य

माझा सीजीपीए ५.८ आहे. एनआयटीच्या एमटेकला खुल्या प्रवर्गासाठी ६.५ सीजीपीए किंवा ६० टक्के लागतात. मला शिकायची आहे ती जलसंपदा अभियांत्रिकी खानदेशच्या एका अंगाला सुरतेच्या एनआयटीत आहे, दुसऱ्या अंगाला नागपुरात, आणि दोन्हीकडे माझा अर्ज पात्रतेच्या रकान्यातच थांबतो. राज्यातल्या एमईला ५० टक्के पुरतात. अमेरिकेतही बऱ्याच विद्यापीठांत चारपैकी तीनची अट असते, पण तिथे एसओपी, म्हणजे ‘का शिकायचं आहे’ हे सांगणारं निवेदन, मागतात आणि त्यात गुण का कमी पडले हे सांगायला वाव असतो. सध्या मी त्या एका परिच्छेदापाशी अडलो आहे.

‘केळीचं लिही,’ एक सीनियर दादा म्हणाले. ‘खरंच आहे ना ते?’

खरंच आहे. मी धुळ्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणार त्याच जूनमध्ये रावेर तालुक्यात वादळ झालं आणि कापणीला आलेली आमची केळी एका संध्याकाळी आडवी झाली. सोसायटीचं कर्ज त्याच बागेच्या भरवशावर होतं. पुढच्या सेमिस्टरला माझा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला. या दोन गोष्टी एकाखाली एक लिहिल्या की वाचणारा त्यांचा संबंध आपणहून जोडतो. मी एक अक्षरही खोटं लिहिलेलं नसतं, तरी त्याची समजूत खोटी होते, आणि ती तशी व्हावी म्हणूनच मी ते लिहिलेलं असतं.

कारण त्या वादळात माझं काय गेलं? आडवी झालेली खोडं अप्पांनी, माझ्या वडिलांनी, कापून बांधावर ओढली. सोसायटीत हात जोडून तेच उभे राहिले. आईने त्या वर्षी लग्नकार्यांना जाणं टाळलं. माझी फी मात्र तारखेला भरली गेली, मेसचे पैसे चुकले नाहीत. ते संकट दोघांनी माझ्या खोलीपर्यंत येऊच दिलं नाही. जे त्यांनी मला लागू दिलं नाही, ते मलाच लागलं असं कोणा परक्या प्राध्यापकाला सांगून मी प्रवेश मागायचा? माझ्याच वर्गातला एक जण सुट्टीत कपाशी निंदायला जायचा आणि डिस्टिंक्शनने पास झाला. त्याच्या घरीही तेच आभाळ होतं.

पण स्वतःला तपासणं म्हणजे प्रत्येक आरोप कबूल करत जाणं, असं मी मानत नाही. मराठी माध्यमाची गोष्ट वेगळी आहे, ती माझी स्वतःची आहे. अकरावी-बारावी इंग्रजीत झाली तरी मी घोकूनच निघालो होतो. पहिल्या वर्षी मेकॅनिक्सचं गणित कळायचं, पण प्रश्नाची भाषा उलगडेपर्यंत वेळ जायचा. ते कारण मी लिहिणार, न लाजता लिहिणार, कारण गावागावांतून आलेल्या मुलांचं ते खरं दुखणं आहे. मात्र ते पहिल्या दोन सेमिस्टरपुरतं. तिसऱ्या वर्षाचे गुण केळीमुळे गेले नाहीत, मराठीमुळेही नाहीत. पास होण्यापुरतं वाचायचं एवढंच मी ठरवलेलं होतं.

मग आता पुढे शिकायचं कशासाठी? याचं उत्तर देणं मला सगळ्यात जड जातं. ५.८ वर एखादं मोठं नाव चिकटवायचं आहे, म्हणजे पुन्हा तो आकडा कोणी विचारणार नाही, अशी इच्छा मनात आहे. ती नाही म्हणणं खोटं होईल. पण दुसरीही एक ओढ आहे. पांझरेच्या काठी, साक्री-धुळ्याकडे, फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या. कित्येक पिढ्या शेतकऱ्यांनी हे आपसात चालवलं. आता आसपास विहिरी आणि बोअर झाल्यावर या पाटात किती पाणी उरतं आणि शेवटच्या शेतापर्यंत किती पोहोचतं, हे मला मोजायचं आहे. हे काम बिननावाच्या कॉलेजातून करायला मिळालं तर करशील का, असं मी स्वतःला विचारतो. बहुतेक दिवशी उत्तर ‘हो’ येतं. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी अर्जाला हात लावत नाही.

शिफारसपत्राबद्दल फार विचार करावा लागला नाही. ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ ही आपल्याकडची सर्रास रीत. माझ्याबद्दल मीच लिहायचं आणि खाली दुसऱ्याचं नाव, हे मला जमणार नाही. ज्यांच्या हाताखाली मी साइटवर लेव्हल घेतल्या आहेत, त्यांना विचारलं आहे. ते स्वतः लिहितील, मग तीनच ओळी का असेनात.

परिच्छेद आता छोटा झाला आहे. माध्यमाचं कारण दोन सेमिस्टरपुरतं, पुढचे गुण कारणाशिवाय, आणि पांझरेवरच्या कामाबद्दल थोडं. केळीचं वाक्य काढलं. सोबत एमटेक-एमईसाठीच्या गेट परीक्षेचा फॉर्मही भरतो आहे. तीन तास, ६५ प्रश्न, आणि परीक्षेला बसताना सीजीपीए कोणी विचारत नाही. त्यात पात्र ठरून राज्यातच एमईला जागा मिळाली, तर एआयसीटीईची दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळू शकते. मग या वेळी फी आणि मेस, दोन्हींचे पैसे अप्पांकडे मागावे लागणार नाहीत.