मत आणि मोल

रविवारची दुसरी मिस्सा संपली की पनवेलमधील आमच्या चर्चच्या आवारात एक सभा भरते. तिचे निमंत्रण कोणी काढत नाही, तिला अध्यक्ष नसतो आणि तिचा वृत्तांतही कोठे लिहिला जात नाही. हातात चहाचे कप घेऊन माणसे उभी असतात. कोणी वसईहून येऊन येथे स्थायिक झालेले, कोणी अलिबाग-कोर्लईकडचे, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे तर कोणी थेट केरळातले. घरच्या बोली निरनिराळ्या, पण या सभेचा विषय वर्षानुवर्षे एकच असतो, आणि तो म्हणजे महागाई. तेलाचा डबा, शाळेची फी, घराचा हप्ता, उन्हाळ्यात देहरंग धरण आटले की मागवावा लागणारा पाण्याचा टँकर. काही वर्षांपूर्वी त्यात मालमत्ता कराची भर पडली. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली आणि सिडकोच्या वसाहतींत राहणाऱ्यांना त्या महिन्यापासूनच्या कराची देयके पुढे एकदम हाती पडली, तेव्हा तर आमची ही सभा दोन-दोन तास चालत असे. शेवट मात्र ठरलेला असतो. "सरकारने काहीतरी केले पाहिजे," असे कोणीतरी म्हणतो, सर्वांच्या माना हलतात आणि आपण घरी जेवायला जातो.

अमेरिकेत नोकरी करणारा आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा मध्यंतरी सुटीवर आला होता. त्यालाही या सभेत उभे केले गेले. तिकडे जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता. चाळीस वर्षांत इतका कधी गेला नव्हता. अंडी, घरभाडे, विम्याचा हप्ता यांबद्दल तो बोलू लागला आणि आम्ही चकित झालो. आकडे डॉलरमध्ये होते, वाक्ये मात्र आमचीच होती. तेथेही लोक चर्चबाहेर उभे राहून सरकारने काहीतरी केले पाहिजे असेच म्हणतात म्हणे!

या वाक्याचा विचार करावा असे आम्हांला वाटू लागले ते तेव्हापासून. मराठी भाषेने येथे एक गंमत करून ठेवली आहे. मनात येते ते मत आणि पेटीत टाकतो तेही मत. दुसऱ्या मताची जबाबदारी आपण जाणतो. बोटाला शाई लागते, रांगेत उभे राहावे लागते. पहिल्या मताला काय लागते? चहाचा अर्धा कप. तरीही सरकारे पुष्कळदा चालतात ती या पहिल्या मताच्या वाऱ्यावर. कांद्याच्या भावाने सरकारे डळमळल्याचे आपण पाहिले आहे. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत आणि १९९८ च्या दिल्लीच्या निवडणुकीत कांदा हा प्रचाराचाच विषय झाला होता. म्हणजे चहाच्या कपाबरोबर उच्चारलेले मतही कोठेतरी जाऊन पोहोचते. ते कोणाच्या दारी जाऊन पोहोचते, हा आमचा प्रश्न आहे.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने अमेरिकेच्या धोरणावर मते दिली ती शिधावाटप दुकानाच्या रांगेत. १९५४ मध्ये अमेरिकेने पी. एल. ४८० या नावाने ओळखला जाणारा कायदा केला आणि १९५६ मध्ये भारताने त्याखाली धान्याचा करार केला. अमेरिकन सरकार आपल्या शेतकऱ्याला भावाचा आधार देत होते, त्यामुळे तिकडे धान्याचे ढीग साचले होते आणि ते धान्य आमच्या रेशनवर येत होते. तो लाल गहू! त्याच्या पोळ्या वातड होतात, असे म्हणत आमच्या आया तो दळून आणीत. त्याच कायद्याखालील दुधाची भुकटी नि धान्य चर्चच्या मदतसंस्थांमार्फत मिशनच्या आवारातही वाटले जाई, आणि जुन्या ख्रिस्ती कुटुंबांतील कोणालाही त्या भुकटीचा वास आजही आठवेल. १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी या धान्याची दोरी आखडती धरली. व्हिएतनामच्या युद्धाबद्दल भारताने काढलेले उद्गार त्यांना रुचले नव्हते. गहू बोटीतून उतरायचा आणि थेट तोंडात जायचा, अशी ती स्थिती होती. स्वस्त परदेशी धान्यामुळे आपल्याच शेतकऱ्याचा भाव पडतो, असा इशारा काही अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारासच दिला होता. रांगेतल्या माणसाला तो ऐकू आला नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही, कारण त्याच्या घरी मुले उपाशी होती.

पण त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला सोमवारचे रात्रीचे जेवण सोडण्याची विनंती केली आणि असंख्य घरांतून त्या रात्री चूल पेटेनाशी झाली. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या आमच्या घरांना ते विशेष अवघड गेले नाही. त्या उपवासाने देशाचा किती गहू वाचला याचा हिशोब अर्थशास्त्रज्ञांनी मांडावा. आम्हांला एवढेच दिसते की त्या लोकांच्या मताला एका जेवणाचे मोल पडले होते. तसेच १९७२-७३ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे काढले तेव्हा थाळ्या वाजवीत रस्त्यावर आलेल्या बायकांनी घरचे काम टाकून, पोलिसांची भीती पत्करून आपले मत मांडले होते. तक्रार करणे हे पाप आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्याला बोलता येते आणि तरी जो अन्यायावर गप्प बसतो, त्याची शांतता आम्हांला तक्रारीहून अधिक संशयास्पद वाटते.

प्रश्न निराळाच आहे. प्रत्येक वस्तूचा भाव हा कोणाचा तरी खर्च असतो आणि कोणाचे तरी उत्पन्न असते. "भाव उतरला पाहिजे" असे म्हणताना आपण नकळत कोणाच्या तरी उत्पन्नाविषयी निकाल देत असतो. तो माणूस त्या वेळी आवारात उभा नसतो.

पनवेलकरांना तर हे वेगळे सांगायला नको. आमची ही घरे ज्या जमिनीवर उभी आहेत ती भातशेती आणि मिठागरांची जमीन होती. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादण्याचे ठरले. मुंबईत घर न परवडणाऱ्या माणसाला परवडेल असे घर मिळावे, हा हेतू चांगलाच होता आणि त्याचा लाभ आमच्यासारख्यांना झाला. मात्र जमिनीला मिळणाऱ्या मोबदल्याविरुद्ध शेतकरी उभे राहिले आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई-नवघरच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच माणसे मेली. साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली ती या लढ्याच्या पाठोपाठ. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्यासाठीही दहा गावांना जागा सोडावी लागली. आमच्यापैकी कितीजणांनी घर घेताना "दर फार सांगतात हो!" म्हटले असेल, त्या दरात शेतकऱ्याच्या पदरात किती पडले, असे कोणी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

आता जे सांगणार आहोत ते सांगताना संकोच वाटतो, पण हा लेख त्याच्यासाठीच लिहायला घेतला आहे. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई नाशिक जिल्ह्यातल्या, येवल्याकडच्या. घरात सारे त्यांना मावशी म्हणतात. २०२३ च्या नोव्हेंबरात कांदा साठ रुपये किलो झाला आणि मावशींनी महिन्याला तीनशे रुपये वाढवून मागितले. आम्ही म्हटले, "मावशी, नाताळ होऊ दे, मग पाहू." ८ डिसेंबर रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलेच होते. त्याविरुद्ध लासलगाव आणि इतर बाजार समित्यांतले लिलाव तेव्हाही बंद पडले होते. बंदी येताच घाऊक भाव आठवड्या-दोन आठवड्यांत जवळजवळ निम्म्यावर आले. पनवेलच्या बाजारातही कांदा उतरला. आवारातल्या सभेत त्या रविवारी समाधान होते. सरकारने अखेर काहीतरी केले होते.

नाताळनंतर मावशींनी पुन्हा विषय काढला, तेव्हा आमच्या तोंडून निघून गेले, "आता तर कांदाही स्वस्त झाला की!"

मावशी काही बोलल्या नाहीत. भांडी घासून झाल्यावर, पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "भावाचा कांदा शेतातच हाय. काढायची मजुरी निघंना. त्यालाच पैसं धाडायचं व्हतं."

डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो, भावाची वाट पाहू शकतो. लाल कांद्याला ती सोय नाही. तो काढला की विकावाच लागतो, मिळेल त्या भावाने. म्हणजे बंदीचा घाव बसला तो नेमका ज्याला थांबता येत नव्हते त्याच्यावर. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाऊन त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला, ही बातमी आम्ही सर्वांनी वाचली होती, हळहळलोही होतो. तेव्हा सरकारने काही करावे म्हणून मात्र कोणाचा आवाज चढला नव्हता, कारण त्या महिन्यात कांदा आमच्या खिशाला बोचत नव्हता.

निर्यातबंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्क तेवढे राहिले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. त्या धोरणाची बाजू घेणारेही आहेत. शहरातल्या गरिबालाही कांदा लागतो, आणि मावशींनाही तो विकतच घ्यावा लागतो, हे खरेच. सरकारपुढचा पेच आम्ही नाकारीत नाही. कोठल्याही सरकारला एका हाताने खाणाऱ्याचे आणि दुसऱ्या हाताने पिकवणाऱ्याचे समाधान करावे लागते, आणि ज्या बाजूचा कलकलाट मोठा तिकडे हात लवकर वळतो. आमचा आवाज मोठा होता. आम्ही शहरात राहतो, वर्तमानपत्रे आमच्यासाठी निघतात. येवल्याचा तो शेतकरी आपल्या बहिणीमार्फत आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला नसता, तर त्याचे मत आम्हांला कधीच कळले नसते.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. एक तास काम केलेल्यालाही मालकाने पूर्ण दिवसाचा रोज दिला, तेव्हा कुरकुर केली ती कोणी? ज्यांना ठरल्याप्रमाणे पूर्ण मजुरी मिळाली होती त्यांनी. पूर्वी आम्हांला त्या कुरकुरणाऱ्यांची बाजू थोडी पटत असे. दिवसभराचे ऊन त्यांनी सोसले होते. आता त्या दाखल्यातले दुसरेच काही दिसते. शेवटी आलेल्या मजुराच्या घरीही संध्याकाळी तितकीच तोंडे खाणारी होती, आणि मालकाने भाव ठरवला तो बाजाराकडे पाहून नव्हे तर त्या घराकडे पाहून. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात हेच कामगाराच्या वेतनाला लावले: दोघांनी राजीखुशीने ठरवलेली मजुरीही न्याय्य असेलच असे नाही, कारण पोटासाठी पत्करलेली राजीखुशी ही खरी राजीखुशी नसते. २०२५ मध्ये नव्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेतले तेव्हा या परिपत्रकाचे स्मरण त्यांनी आवर्जून केले. आमच्या धर्मग्रामात त्या आठवड्यात त्यावर चांगली चर्चाही झाली. चर्चा करणाऱ्यांपैकी किती घरांत कामाला बाई येते, हे विचारावेसे वाटले होते, विचारले नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल, आणि तो आमच्याच घरात घेतला गेला. मध्यमवर्गीय माणसाने काय काय सोसावे? घराचा हप्ता, आजारपण, मुलांचे शिक्षण. त्यालाही कोणी पूर्ण दिवसाचा रोज देत नाही. हे खोटे नाही. तीनशे रुपये ही रक्कम आमच्या महिन्याच्या हिशोबात दिसत नाही, असेही नाही, ती दिसते. पण आम्ही मावशींना नकार दिला तो पैसे नव्हते म्हणून नव्हे. भाव उतरल्याचे कारण हाताशी होते, ते वापरले. सरकारच्या धोरणाची शिक्षा भोगणाऱ्या माणसापुढे त्याच धोरणाचा पुरावा म्हणून आम्ही कांदा धरला. सरकारने तर दूर दिल्लीत बसून एक आदेश काढला होता. तो आदेश मावशींच्या पगाराला लावण्याचे काम कोणी आमच्यावर सोपवले नव्हते.

पगार वाढवला. तीनशेच वाढवला, तोही फेब्रुवारीपासून. मावशींनी "बरं" म्हटले. त्या "बरं" चा अर्थ लावायचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला.

यंदा नाताळनंतर गावाहून परतताना त्यांनी एक लहान गोणी आणली आणि स्वयंपाकघराच्या दारात ठेवली. लाल कांदा, माती अजून ओली. "भावानं धाडलाय, ताई." किती पैसे द्यायचे म्हणून विचारले तर म्हणाल्या, "त्याचं काय द्यायचं!" आम्ही आग्रह धरला, कितीतरी वेळा भाव विचारला. शेवटी त्या हसल्या नि म्हणाल्या, "तुमीच सांगा की काय भाव लावायचा ते." गोणी तेथेच होती, आणि आम्हांला आकडा सुचत नव्हता.